छोटं भोक, मोठा आवाज!

बाळाच्या हृदयाला ‘भोक’ आहे म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण ते भोक केवढं, कुठे आणि त्याचं करायचं काय, हे सांगतो तो आवाजच. तोही आपल्याला ऐकू न येणारा! टू डी इको नावाच्या तपासणीत नेमकं चालतं काय, त्याची ही गोष्ट.

कट्ट्यावर बसलेल्या दहा जणांना एकदा विचारून बघा, तुमच्या ओळखीत कुणाच्या बाळाच्या हृदयाला भोक होतं का? एकदोघं तरी हो म्हणतील. कुणाच्या आतेभावाचा मुलगा, कुणाच्या शेजारची चिमुरडी. एखादा तर हसत हसत शर्टाचं वरचं बटण उघडून छातीवरची उभी रेघ दाखवेल आणि म्हणेल, ‘भावा, मी स्वतःच आहे ना!’

यात नवल काही नाही. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला येतात. करा हिशोब. आकडा दोन लाखांच्या घरात जातो. त्यातल्या साधारण पाचातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. बाकीच्यांपैकी काहींची भोकं आपोआप बुजतात, काहींना थांबायला वेळ असतो, तर काहींना वीस-पंचवीस वर्षांचे होईपर्यंत पत्ताच नसतो.

आता यातलं कोण कुठल्या गटातलं, हे कसं ओळखायचं? बाळ तर बोलत नाही. छाती उघडून बघता येत नाही. इथे येतो इको.

आधी एक भांडण मिटवू

पण इकोकडे जाण्याआधी घरातलं भांडण. बाळाच्या हृदयात दोष निघाला की पहिला प्रश्न डॉक्टरांना कुणी विचारत नाही, तो बाळाच्या आईला विचारला जातो. ‘ग्रहणात भाजी चिरली होतीस का?’, ‘पपई खाल्लीस का?’, ‘जिने चढू नको म्हटलं होतं ना?’

ग्रहणाचा आणि हृदयाचा काडीचाही संबंध नाही. गर्भाचं हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडधडायला लागतं आणि आठव्या आठवड्याच्या आसपास त्याचे कप्पे, पडदे, झडपा यांची मुख्य बांधणी झालेली असते. म्हणजे पुष्कळदा आपण गरोदर आहोत हे बाईला नुकतं कळत असतं, तेव्हा हृदय बांधून होत आलेलं असतं. सुरुवातीला ती एक साधी नळी असते. ती वळते, दुमडते, तिच्यात पडदे उभे राहतात. एवढ्या गुंतागुंतीच्या कामात कुठेतरी एखादा पडदा पूर्ण जुळत नाही. बहुतेक वेळा त्यामागे बोट दाखवावं असं एकच एक कारण सापडत नाही.

काही कारणं मात्र माहीत आहेत. डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतले बदल. गरोदरपणाआधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह. काही विशिष्ट औषधं. जवळच्या नात्यातली लग्नं, म्हणजे मामाची मुलगी करायची आपल्याकडची पद्धत. आणि रुबेला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान या सगळ्यांना धोका असतो. आठवतंय, २०१८ च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली होती? तुमच्यातल्या अनेकांनी तेव्हा दंड चोळत वर्गात रडूही काढलं असेल. ती लस तुमच्याइतकीच पुढे जन्माला येणाऱ्या बाळांच्या हृदयासाठीही होती.

डॉक्टर हातानं ऐकायच्या

इको नव्हता तेव्हा डॉक्टर काय करायचे? स्टेथोस्कोप लावायचे, ईसीजी काढायचे, एक्स-रे बघायचे आणि अंदाज बांधायचे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग मुलांच्या हृदयविकाराचा दवाखाना चालवायच्या. त्यांना ऐकू कमी येत होतं. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येत नाही म्हणजे खरंतर खेळ खल्लास! पण या बाईंनी बाळांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर ओळखायचं कसब कमावलं. जोडीला एक्स-रेचा हलता पडदा. त्यावर बाळाला वेगवेगळ्या बाजूंनी वळवून त्या सावल्या बघायच्या आणि आत काय बिघडलंय ते सांगायच्या.

ज्या बाळांचे ओठ-नखं निळी पडतात, त्यांच्या फुप्फुसाला रक्त कमी पोचतंय, ते वाढवलं तर बाळं जगतील, हे टॉसिग यांनी ओळखलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांच्यामागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घालायचा हे सांगत होता विवियन थॉमस नावाचा कृष्णवर्णीय सहायक. हातात वैद्यकीय पदवी नाही, पण कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करून करून त्याचा हात बसलेला. तिघांनी मिळून निळ्या बाळांना आयुष्य दिलं.

तरी निदानाची अडचण राहिलीच. आतलं नेमकं चित्र हवं तर रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत न्यायची, रंगद्रव्य सोडायचं आणि एक्स-रे काढायचे. तीन किलोच्या बाळाला हे सोसवायचं कसं?

जहाज तपासायचं यंत्र छातीवर!

उत्तर आलं ते दवाखान्याबाहेरून. स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ होते. तिथेच हेल्मुट हर्ट्झ नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ. त्याचे वडील गुस्ताव हर्ट्झ नोबेल विजेते आणि ज्यांच्या नावानं आपण ‘हर्ट्झ’ हे एकक लिहितो ते हाइनरिश हर्ट्झ त्याच्या वडिलांचे काका. घराणंच लहरींचं!

एडलरना प्रश्न पडला होता, छाती न उघडता हृदयाची झडप कशी बघायची? हर्ट्झला माहीत होतं की जहाजबांधणीच्या कारखान्यात लोखंडाच्या जोडांत भेग आहे का हे बघायला ऐकू न येणारा आवाज वापरतात. आवाज धातूतून जातो, भेग आली की उलटा फिरतो. जवळच्या माल्मो शहरातल्या जहाजांच्या कारखान्यात जाऊन त्यानं ते यंत्र आपल्याच छातीला लावून बघितलं. पडद्यावर काहीतरी हललं. मग सिमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसनं मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी धडधडत्या हृदयाचा पहिला आलेख काढला.

तेव्हा चित्र वगैरे काही नव्हतं. एका रेषेत हलणारे ठिपके, बस्स. १९७० च्या दशकात त्या रेषा शेजारी शेजारी लावून हृदयाचा हलता काप पडद्यावर दिसायला लागला. काप म्हणजे लांबी-रुंदी, दोन मिती. म्हणून टू डी. १९८० च्या दशकात त्यात रंग आले आणि लहान मुलांच्या हृदयरोगाचं अख्खं शास्त्रच बदलून गेलं.

एका सेकंदात सात हजार हाका

आता बारावीचं फिजिक्स जरा आठवा. घाबरू नका, पेपर नाही.

आपल्याला वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इकोच्या हातातल्या प्रोबमधून निघणारा आवाज काही लाख ते कोटी हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. मोठ्या माणसासाठी साधारण वीस-तीस लाख, तान्ह्या बाळासाठी ऐंशी लाख ते एक कोटीच्या वर. फरक का? कंपनं जितकी जास्त, तितकं चित्र बारीक आणि स्पष्ट, पण आवाज खोलवर पोचत नाही. बाळाचं हृदय कातडीपासून दोन-चार सेंटीमीटरवर असतं, त्यामुळे तिथे जास्त कंपनांची चैन परवडते.

प्रोबमध्ये असे स्फटिक असतात की वीज दिली की ते थरथरतात आणि त्यांना थरथरवलं की वीज देतात. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी हा गुण शोधला. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तोच. प्रोब हाक मारतो आणि गप्प बसून प्रतिसाद ऐकतो. शरीरातून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो. दहा सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण सात हजार सातशेवा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला साडेसात हजारांहून जास्त हाका! शंभर हाकांचं एक चित्र धरलं तरी सेकंदाला सत्तरच्या वर चित्रं. तान्ह्या बाळाचं हृदय मिनिटाला एकशेवीस-एकशेचाळीस वेळा धडधडतं, त्याच्या झडपांची उघडझाप पकडायला एवढा वेग लागतोच.

मग ते गार गार जेल कशाला? हवेला आवाजाचं वावडं. प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळसा थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो. जेल ती फट भरून काढतं. यात एक्स-रे नाहीत, सुई नाही, दुखत नाही. सगळ्यात मोठी अडचण असते ती बाळ रडण्याची. म्हणून मग पोटभर दूध पाजून आणायला सांगतात, खुळखुळा वाजवतात, मोबाइलवर गाणी लावतात. तरीही नाहीच ऐकलं तर झोपेचं औषध द्यावं लागतं.

लाल म्हणजे शुद्ध? चूक!

इकोच्या पडद्यावर रक्त लाल-निळं दिसतं. शाळेच्या पुस्तकातली आकृती डोक्यात असते, त्यामुळे आपल्याला वाटतं, लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध. मशीनला यातलं काहीच कळत नाही. साधारणपणे प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त लाल दाखवतात, लांब जाणारं निळं. बस्स, दिशेचा मामला आहे.

ही करामत डॉप्लरची. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा येताना बारीक आणि जाताना भसाडा ऐकू येतो ना, तेच. ख्रिस्तियान डॉप्लरनं १८४२ मध्ये हे सांगितलं ते ताऱ्यांच्या रंगाबद्दल. तेच गणित आता रक्तातल्या लाल पेशींना लावतात. पेशीवरून परतलेल्या आवाजाची कंपनं किती बदलली त्यावरून रक्ताचा वेग कळतो.

आणि वेग कळला की दाब कळतो. इकोवाले डॉक्टर एक सोपं सूत्र वापरतात: वेगाचा वर्ग करा, त्याला चारनं गुणा. वेग मीटर प्रतिसेकंद, उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. हे येतं बर्नुलीच्या नियमातून. हो, तोच बर्नुली, जो तुम्ही ऑप्शनला टाकला होता.

आता दोन मुलं घेऊ. दोघांचाही वरचा रक्तदाब १००. दोघांनाही हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. ठळक हृदयदोषांमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. पहिल्याच्या भोकातून रक्त साडेचार मीटरच्या वेगानं उडतंय. साडेचारचा वर्ग सव्वावीस, गुणिले चार, ८१. म्हणजे डाव्या कप्प्यात १०० आणि उजव्यात ८१ नं कमी, फक्त १९. उजव्या कप्प्याला एवढाच दाब असायला हवा. छान! भोक लहान आहे, फुप्फुसावर ताण नाही. दुसऱ्याच्या भोकातून रक्त जातंय दोनच मीटरच्या वेगानं. दोनचा वर्ग चार, गुणिले चार, १६. उजव्या कप्प्यात दाब ८४! दुसरा कुठला अडथळा नसेल तर हा सगळा मारा थेट फुप्फुसावर होतोय. भोक मोठं आहे आणि थांबायला वेळ नाही.

बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात उडतं आणि सूंऽऽ आवाज येतो. सोडलं की शांतपणे भळाभळा वाहतं. हृदयातही तसंच. भोक लहान, तर स्टेथोस्कोपमध्ये आवाज मोठा. भोक खूप मोठं, तर आवाज कधी कधी अगदीच हळू. म्हणून ‘डॉक्टरांना आवाज जोरात आला, म्हणजे केस सिरियस’ असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना थांबवा. आणि ‘आवाज तर येत नाही, मग कशाला इको?’ असं कुणी म्हणालं तर जास्तच जोरात थांबवा.

घड्याळ चालू असतं

पोटात असताना बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही. त्यामुळे रक्ताला फुप्फुस टाळून जायला दोन आडवाटा असतात. एक वरच्या कप्प्यांमधली खिडकी आणि दुसरी दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी छोटी नळी. जन्मानंतर दोन्ही बंद व्हायच्या असतात. नळी तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच आक्रसायला लागते.

बहुतेक बाळांसाठी हे उत्तमच. पण काही बाळांचं आयुष्यच त्या नळीवर टांगलेलं असतं. उदाहरणार्थ, ज्यांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन महावाहिन्यांची अदलाबदल झालेली असते ती, किंवा ज्यांची महाधमनी एके जागी खूप अरुंद असते ती. अशातलं एखादं बाळ जन्मतः गोरंगोमटं, रडतंय, दूध पितंय. घरी जातं. नळी बंद होते आणि बाळ काही तासांत कोसळतं. वेळेवर इको झाला तर नळी उघडी ठेवणारं औषध सलाइनमधून चालू करता येतं. वाहिन्यांची अदलाबदल असेल तर पहिल्या काही आठवड्यांत त्या पुन्हा आपापल्या जागी जोडता येतात. ती शस्त्रक्रिया १९७५ मध्ये ब्राझीलच्या डॉ. आदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केली. आज ती भारतातही होते.

अशी बाळं हुडकायची एक साधी युक्ती आहे. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावलं होतं ना, त्याच जातीचं. आकडा ९५ च्या खाली किंवा हातापायात फरक जास्त, तर पुन्हा मोजायचं आणि गरजेप्रमाणे इकोला पाठवायचं. सगळे दोष यात सापडत नाहीत, पण सगळ्यात घातक असणारे बरेच सापडतात.

दुसरं घड्याळ हळू चालतं. मोठं भोक तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जादा दाब सोसून जाड आणि कडक होतात. एक दिवस रक्त उलट्या दिशेनं जायला लागतं आणि माणूस निळा पडतो. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून त्याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. या टप्प्यावर भोक बुजवणं हा उपाय उरत नाही, उलट जिवावर बेतू शकतं. जे भोक पहिल्या वर्षात बुजवून मूल शाळेत पळू शकलं असतं, तेच भोक विसाव्या वर्षी कुणीच बुजवू शकत नाही. सगळी धडपड आहे ती या मधल्या वर्षांसाठी.

पोटातल्या बाळाचा इको

साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको काढता येतो. तेव्हा ते हृदय द्राक्षाएवढं असतं! आधीच्या बाळाला हृदयदोष असेल, आई-बाबांपैकी कुणाला असेल, आईला मधुमेह असेल किंवा नेहमीच्या सोनोग्राफीत शंका आली असेल, तर ही तपासणी खास सांगितली जाते. आधी कळलं तर बाळंतपण कुठे करायचं हे ठरवता येतं. हृदयाची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाजवळ जन्मलेलं बाळ आणि गाडीतून चार-पाच तास आणलेलं निळं बाळ, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

याला मर्यादा आहेत. आडवाटा पोटात उघड्याच असतात, त्यामुळे त्या पुढे बंद होतील की नाही हे सांगता येत नाही. बारीक भोकं निसटतात. ‘पोटातला इको नॉर्मल होता’ म्हणून जन्मानंतरची लक्षणं दुर्लक्षित करायची नाहीत.

आणि कायदा. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण गाजलं. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं निदान झालं तेव्हा गर्भपाताची तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयानं परवानगी नाकारली आणि देशभर चर्चा झाली. हृदयदोष दिसतो तोच अठरा-बावीस आठवड्यांत, मग वीसची मर्यादा कशी पुरणार? २०२१ मध्ये कायदा बदलला. आता ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी ही मर्यादा चोवीस आठवडे आहे आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यानंतरही परवानगी मिळू शकते. काय करायचं हा निर्णय त्या बाईचा. पण निर्णय घ्यायला माहिती लागते आणि ती वेळेत लागते.

मशीनची मुलींशी दोन नाती

सोनोग्राफीनं आपल्याकडे काय केलंय हे वेगळं सांगायला नको. गर्भलिंगचाचणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. देशाचा कायदा आला १९९४ मध्ये. त्यामुळे प्रत्येक मशीनची नोंद होते, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरला जातो आणि खिशात मावणारा प्रोब घेऊन कुणी गावोगाव फिरू शकत नाही. जगात इतरत्र अशा छोट्या यंत्रांनी दुर्गम भागात इको होतात. आपल्याकडे ते करायचं तर नोंदणी आणि नियमांच्या चौकटीतूनच. वैताग वाटतो, पण ही चौकट का उभी राहिली हे आठवलं की तक्रार करायला तोंड उरत नाही.

कारण जन्मानंतरही खेळ संपत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेची गरज सांगितलेल्या मुलांमध्ये मुलग्यांपैकी ७० टक्के जणांची शस्त्रक्रिया झाली होती. मुलींपैकी फक्त ४४ टक्के. भोक तेच, मशीन तेच, डॉक्टरही तेच. छातीवर व्रण राहील, मग लग्न कसं जमणार, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक. म्हणजे इकोनं भोक शोधलं, पण ते बुजवायचं की नाही हे ठरवलं घरच्यांच्या डोक्यानं.

पैशांची अडचण खरी आहे, पण रस्ते आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. हृदयाचा आवाज शंकास्पद वाटला की मूल इकोसाठी पुढे पाठवलं जातं. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे.

खरा तुटवडा माणसांचा आहे. लहान मुलांचा इको मोठ्यांच्या इकोपेक्षा वेगळा. इथे हृदय डावीकडेच असेल असंही धरून चालत नाही. बरेच डॉक्टर सुरुवात पोटापासून करतात. यकृत कुठे, हृदय कुठल्या बाजूला, कुठली शीर कुठल्या कप्प्यात येते, कुठली वाहिनी कुठून निघते, असं एकेक पायरी चढत जातात. हे शिकलेले बालहृदयरोगतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या बाळानं काय करायचं? तुमच्यातल्या कुणी मेडिकलला असेल, कार्डिअ‍ॅक टेक्नॉलॉजीसारख्या पॅरामेडिकल कोर्सला असेल, बायोमेडिकल इंजिनीअरिंगला असेल, तर हा प्रश्न तुमची वाट बघतोय.

आणि तुमचं स्वतःचं हृदय?

वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं लबाड. लहानपणी काहीच त्रास नाही. विशीत जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. ‘व्यायाम नाही, रात्रभर मोबाइल, मग दम लागणारच’ म्हणून आपणही सोडून देतो. बऱ्याच जणांचं हे भोक मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन बुजवता येतं. छातीवर टाका नाही. दोन-चार दिवसांत घरी.

आणि ज्यांच्या छातीवर ती उभी रेघ आहे, त्यांना एक सांगणं. ‘लहानपणी ऑपरेशन झालंय, आता सगळं ओके’ हे दरवेळी खरं नसतं. काही दुरुस्त्यांनंतर झडपा पुढे गळू लागतात आणि बरीच वर्षं त्याचा पत्ता लागत नाही. शेवटचा इको कधी झाला, हे आईला विचारा. जुनी फाइल माळ्यावरच्या ट्रंकेतून काढा, तिचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. नेमका दोष कुठला होता आणि काय केलं, हे स्वतः समजून घ्या. जिम सुरू करण्याआधी, ट्रेकला जाण्याआधी, पुढे बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आजवर ती फाइल आई-बाबांनी सांभाळली. अठरा पूर्ण झाली ना? आता ती तुमची.

हे दिसलं तर थांबू नका

घरात, शेजारी, गावाकडे तान्हं बाळ असेल तर एवढं लक्षात ठेवा:

• दूध पिताना दमतं, मध्ये मध्ये सोडतं, कपाळाला घाम येतो.
• वजन वाढत नाही, वारंवार छाती भरते, न्यूमोनिया होतो.
• शांत असतानाही श्वास भरभर चालतो, बरगड्यांखाली खड्डा पडतो.
• जीभ, ओठ, नखं निळसर दिसतात, रडलं की जास्तच.
• मोठं मूल खेळताना दमून मध्येच उकिडवं बसतं.
• डॉक्टर म्हणाले, ‘हृदयातून आवाज येतोय, इको करा’. काही आवाज निरुपद्रवी असतात, पण ते इकोनं ठरू दे, आपल्या मनानं नको.

बाळ निळं पडलं असेल किंवा श्वास लागला असेल तर १०८ ला फोन करा. आणि इको करायचा ठरला की एकच प्रश्न नक्की विचारा, ‘लहान मुलांच्या हृदयाचा इको इथे करतात का?’ कारण मशीन कुठेही असतं. त्या पडद्यावरचं वाचता येणारी नजर शोधावी लागते.